अर्धं डोकं

"आधी सगळे बसा," आत्या म्हणाली. सलूनमध्ये बसायचं म्हणजे त्या फिरत्या खुर्च्यांवरच, त्यामुळे सगळे एका रांगेत आरशाकडे तोंड करून बसले. अख्ख्या खानदानाची एकदम कटिंग असल्यासारखे.

आमच्या घरातले मोठे निर्णय दुकानातच होतात. काका वेगळा झाला तो दाराजवळच्या खुर्चीत बसून, आणि आत्याने लग्नाला नकार दिला तो मधल्या. कारण साधं आहे. आमच्याकडे माणसाशी बोलायचं ते त्याच्या पाठीमागे उभं राहून, आरशातून. कामाची सवय. समोरासमोर बोलायची वेळ आली की आमची माणसं चाचरतात. आरशात मात्र एकेकाच्या जिभेला धार.

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, शटर निम्मं खाली होतं आणि विषय एकच होता. आजोबा घर सोडून चालले होते. शहराबाहेर टेकडीवर एक ध्यानकेंद्र आहे, तिथे. कायमचे. परवा दुपारी ते याच दुकानात बसल्या बसल्या चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले, पाणी प्यायले, मिशी पुसली आणि म्हणाले, "मला कळलं. आता मी जातो."

"आणि हे सगळं," काका आरशातल्या माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "या बाईसाहेबांच्या मोबाइलमुळे."

खोटं असतं तर मी भांडले तरी असते.

शाळा मी सोडली की शाळेने मला, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत. पण दुकानात आले तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती, वस्तरा. मशीन मला यायचं, कात्री यायची. वस्तरा आजोबा हातात देईनात. "तुझा राग उतरला की घे," म्हणायचे. आता तिसऱ्या आरशाला कोपऱ्यात जो तडा आहे तो कुणी फेकलेल्या फणीचा, ते घरात शंभरदा उगाळून झालंय, मी परत उगाळत नाही.

तर मी राग उतरवायचे व्हिडिओ शोधायला लागले. आधी एक सूटबूटवाला सापडला. तो म्हणाला, उशीला बुक्के मारा. उशी फाटली, राग होता तिथेच. मग भंते सापडले. लोक बुद्धाकडे जातात ते दुःख संपवायला. मी गेले वस्तरा मिळवायला.

आणि आवडलं की मला. खोटं कशाला बोलू. भंते किती तऱ्हेचे असतात ते तिथेच कळलं. एक जंगलात राहणारे, त्यांच्या व्हिडिओत निम्मा वेळ पक्षीच बोलतात. एक भिक्खुणी, ऑफिसातल्या लोकांना जेवणाच्या सुट्टीत शिकवतात, कानाला माइक लावून. एका विहारातली माणसं वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेतात आणि म्हणतात, हीच आमची साधना, डोळे मिटायला रात्र आहेच. श्वास येतो तो बघ, जातो तो बघ, याला आनापान म्हणतात. आपला छळ करणाऱ्याचंही भलं होवो असं मनापासून म्हणायचं, ती मैत्री भावना. मी गणिताच्या बाईंपासून सुरुवात केली आणि तिथेच अडकले.

थोड्याच दिवसांत मी इतकी शांत झाले, की माझ्या शांतपणावर कुणी शंका घेतली तर त्याच्या अंगावर धावून जायचे. कमेंटमध्ये एकजण म्हणाला, खरा मार्ग फक्त त्याच्या गुरूंचा. मी त्याला करुणा म्हणजे काय हे अशा शब्दांत समजावलं, की त्या ॲपने माझी कमेंटच बंद करून टाकली. आजोबा म्हणाले, "चला, तेवढंच तुझं मौन झालं."

कारण एव्हाना आजोबा माझ्या खांद्यावरून बघायला लागले होते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की खुर्ची सरकवून यायचे. मध्येच गादीची जाहिरात लागायची, तीसुद्धा हात जोडून बघायचे. मग मी माझा जुना मोबाइल त्यांना दिला, आहे तसा, सगळं आत लावलेलं. त्यांनी फक्त त्रिकोण दाबायचा. आजोबा त्रिकोण दाबायचे, डोळे मिटायचे आणि बसायचे.

एवढंच केलं मी. बाकीचं त्यांचं त्यांनी केलं.

"अण्णा," आत्या म्हणाली. ती, बाबा आणि काका आजोबांना अण्णा म्हणतात. "आधी मला नाडी बघू द्या."

"नाडी चालू आहे. नाहीतर बोलतोय कोण?"

आत्या हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रपाळी संपवून तशीच आली होती, बूटसुद्धा तेच, पांढरे. तिने आजोबांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. आजोबा मधल्या खुर्चीत ताठ बसलेले. पांढरेशुभ्र दाट केस, मागे वळवलेले. त्या केसांनी या दुकानाची जितकी जाहिरात केली तितकी बाहेरच्या पाटीने नाही केली.

"तिथे जेवायला काय देतात माहितेय का?" काका म्हणाला. "एक वेळ. आणि पहाटे उठवतात. तुम्हाला इथे चहा दोन मिनिटं उशिरा आला तर चालत नाही."

"म्हणून तर जायचं. ते नाही चालत, ही आसक्ती."

"चहा ही आसक्ती?"

"चहा नाही. चहा वेळेवर यावा ही."

काकाने पायाखालचा दांडा दाबला आणि खुर्ची एक टप्पा वर गेली.

काकाचं एक आहे. तो घाबरला की खुर्ची वर घेतो. वेगळा झाला त्या दिवशी बोलता बोलता इतका वर गेला होता, की खाली उतरताना बाबांनी हात दिला. आता त्याचं मोठं काचेचं पार्लर आहे, आत थंडगार, फवारे आणि मंद संगीत. आम्हाला सगळ्यांना पक्कं माहीत होतं, की अण्णा गेले की हे जुनं दुकान घ्यायचं त्याच्या मनात आहे. त्यालाही ते पक्कं माहीत होतं. येताना रस्त्यात तो पाटी कोणत्या रंगाची करायची तेही ठरवत होता, हे त्याने मला नंतर स्वतःच सांगितलं. पण आत आला, अण्णांचा एप्रन खिळ्याला टांगलेला बघितला आणि पाटीचा रंग विसरूनच गेला. अण्णा नसलेल्या दुकानात त्याला कुणाला दाखवायचं होतं, की बघा, मी किती मोठा झालो? म्हणून बिचारा आल्यापासून वर वर चालला होता.

"एप्रन का काढून ठेवलाय?" तो म्हणाला.

"उपालीने दागिने झाडाला टांगले होते," आजोबा म्हणाले. "माझ्याकडे दागिने नाहीत."

"कोण उपाली?"

आजोबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. तू सांग, असं.

"न्हावी होता," मी म्हणाले. "शाक्यांच्या राजपुत्रांचा. राजपुत्र निघाले संघात जायला, तर जाताना अंगावरचे दागिने याला देऊन टाकले, की जा, घरी जा, मजा कर. याने ते झाडाला टांगले, ज्याला हवे त्याने घ्या म्हणाला, आणि त्यांच्यामागे गेला. मग राजपुत्रच म्हणाले, आमच्या आधी याला संघात घ्या. म्हणजे हा आमच्याहून मोठा होईल आणि आम्हाला याला वाकून वंदन करावं लागेल. आमचा तोरा तरी उतरेल."

"आणि पुढे?" आजोबा म्हणाले.

"पुढे संघाचे नियम सगळ्यात जास्त त्यालाच माहीत."

"न्हाव्याला," आजोबा म्हणाले. "अडीच हजार वर्षांपूर्वी. आणि इथे अजून लोक दाढी करून घेतात आणि लग्नपत्रिकेवर माझं नाव 'न्हावी' असं लिहितात."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, की त्यांना लागत होतं. बाबा खाली मान घालून कात्रीची धार बघत बसले. बाबा तसे बोलतच नाहीत. त्यांची सगळी मतं कात्रीतून ऐकू येतात, आणि त्या क्षणी कात्री आजोबांच्या बाजूने होती.

"दादा, तू काहीतरी बोल ना," काका म्हणाला.

"जाऊ दे त्यांना," बाबा म्हणाले.

काका आणखी एक टप्पा वर गेला.

आता आत्याचं. आत्या आल्यापासून एकच गोष्ट धरून बसली होती. निर्वाण वगैरे ठीक आहे, पण माणूस पडतो तो शरीराने पडतो. घरचे लोक ध्यानावर भांडत होते आणि तिला फक्त परवा दुपारचं जाणून घ्यायचं होतं.

"पडायच्या आधी काय झालं नेमकं?"

"सांगून समजणार नाही."

"अण्णा, मी वॉर्डात काय काय ऐकते तुम्हाला कल्पना नाही. सांगा."

आजोबांनी डोळे मिटले. "आधी बोटांना मुंग्या आल्या. मग ओठांभोवती. मग डोकं हलकं झालं, कापसासारखं. जमीन खाली गेली. हात माझे राहिले नाहीत. सगळं विरघळलं. भंते म्हणतात तसंच, अगदी तसंच. देह म्हणजे नुसता फेस."

आत्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी आरशात बघत होते, मला दिसलं. परीक्षेच्या दिवसांत तिच्या वॉर्डात पोरं येतात, घाबरून भरभर श्वास घेऊन घेऊन. बोटांना मुंग्या, ओठांना मुंग्या, डोकं कापूस. तिचं सगळं लक्ष आता तिथे लागलं होतं.

"कोणता व्हिडिओ?" ती म्हणाली.

"त्यांचाच. नदीकाठचे भंते. श्वासाचा."

तिने तिच्या मोबाइलवर शोधला, आरशाखालच्या फळीवर पावडरच्या डब्याला टेकवून ठेवला आणि लावला. नदी आली. भंते आले. बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ते म्हणाले, "श्वास... आत... येतोय." मग नदी वाहिली. एक पक्षी आला, पाणी प्यायला, गेला. "श्वास... बाहेर... जातोय."

आजोबांनी डोळे उघडले. "हे ते नव्हेत."

"तेच आहेत अण्णा. खाली नाव आहे."

"चेहरा तोच आहे. पण यांना बरं नाहीये. बघ ना, किती थांबून थांबून बोलतायत. आपले भंते म्हणजे कसे, एकदम तडफदार."

बाबांनी कात्री खाली ठेवली. आजोबांच्या खिशातून माझा तो जुना मोबाइल काढला, पुसला आणि त्रिकोण दाबला.

नदी धबधब्यासारखी निघाली. पक्षी आला कधी नि गेला कधी. आणि भंते, लिलावात बोली लावतात तसे, "श्वासआतयेतोय श्वासबाहेरजातोय श्वासआतयेतोय."

सगळ्या खुर्च्या फिरल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरच्यांनी आरसा सोडून थेट माझ्याकडे बघितलं.

"मला हळू बोलणारी माणसं सहन होत नाहीत," मी म्हणाले.

"म्हणून तू ध्यान दुप्पट वेगाने करतेस?" आत्या.

"निम्म्या वेळात होतं ना तेवढंच."

"आणि वेग तसाच ठेवून मोबाइल अण्णांना दिलास."

"मला तो वेग वाटतच नाही. मला तेच नेहमीचं वाटतं."

काका आधी हसला. त्या उंच खुर्चीत तो असा हसायला लागला, की खुर्ची स्वतःभोवती फिरायला लागली. मग आत्या, तोंडावर हात ठेवून. आई टॉवेलांच्या घड्या घालत मागे उभी होती, तिने घडीत तोंड लपवलं. एवढं मोठं दर्शन, आणि ते निघालं चुकीच्या वेगाचं. "म्हणजे अण्णा," काका म्हणाला, "तुम्हाला निर्वाण नाही, धाप लागली होती."

आजोबा हसत नव्हते. त्यांनी मोबाइल हातात घेतला, बंद केला आणि मांडीवर पालथा ठेवला. गिऱ्हाईकाला कटिंग नाही आवडली की ते आरशात जसं बघतं आणि पैसे... नाही, तसं नाही. शाळेतून काढलं त्या दिवशी मी आरशात जशी बघत होते, तसे बघत होते ते.

आणि माझं डोकं फिरलं. "हसताय काय," मी म्हणाले. "तो माणूस रोज बसत होता. रोज. तुमच्यातल्या एकाने तरी एक श्वास बघितलाय का आयुष्यात? काका, तू तर घोरताना पण दुसऱ्याचा श्वास घेतोस." माझ्या हातात फणी होती. सगळ्यांचं लक्ष फणीकडे गेलं, मग आरशांकडे. बाबा हळूच उठून चांगल्या आरशासमोर उभे राहिले.

मी फणी खाली ठेवली. सम्यक वाचा, म्हणजे तोंड सांभाळणं, त्या दिवशी माझ्याकडून गेलीच होती, निदान काच राहू दे.

"एकदा नीट वेगाने करून तरी बघू," आई म्हणाली.

आई बोलली की आमच्याकडे सगळे आधी दचकतात आणि मग ऐकतात. आत्याने तिचा मोबाइल परत लावला. सगळे खुर्च्यांवर, डोळे मिटून. श्वास आत. नदी. मला तर अंगावर मुंगळे सोडल्यासारखं झालं. इतकं हळू कुणी बोलतं? मध्ये एवढी जागा कशाला ठेवायची, तिथे काय दुकान काढायचंय? एका श्वासात माझ्या मनात गणिताच्या बाई येऊन, भांडून, परत गेल्या. काकाचं घोरणं सुरू झालं. बाहेर कुणीतरी शटर वाजवलं, सुट्टी दिसली, गेलं. मग हळूहळू मुंगळे बसले.

आणि त्या शांततेत आवाज आला. टिक टिक टिक. खुर्चीच्या हाताच्या लोखंडावर काहीतरी बारीक आपटत होतं.

मी डोळे उघडले तर आईचे आधीच उघडे होते. ती आजोबांच्या उजव्या हाताकडे बघत होती. हात खुर्चीवर ठेवलेला, आणि तो एकटाच थरथरत होता, अंगठी लोखंडावर वाजत होती. आजोबांचे डोळे मिटलेले.

आईला आश्चर्य वाटलं नव्हतं. दुकानातले टॉवेल ती धुते. पांढऱ्या टॉवेलावर एखादा लाल ठिपका दाढीच्या धंद्यात असायचाच. पण गेल्या हिवाळ्यापासून ठिपके वाढले होते, आणि ते सगळे आजोबांच्या खुर्चीवरच्या टॉवेलांवर. ती ते गार पाण्यात वेगळे भिजवायची, साबण लावायची, उन्हात वाळवायची आणि घडी करून परत त्याच फळीवर ठेवायची. कुणाला बोलली नाही. बाबांनाही नाही.

आता आत्यानेही बघितलं. बाबांनीही. काका जागा झाला आणि त्याने ते आरशात बघितलं, आणि पायाने दांडा सोडला. खुर्ची फुस्स करत खाली आली.

आजोबांनी डोळे उघडले. सगळे आपल्या हाताकडे बघतायत हे त्यांना दिसलं. त्यांनी डावा हात उजव्यावर ठेवला. मग परत काढला.

"वेग चुकला, हे मान्य," ते म्हणाले. "मी मूर्ख ठरलो, तेही मान्य. पण जायचं मी त्या चक्करेमुळे नव्हतं ठरवलं. चक्कर आली, बरं झालं, सांगायला कारण मिळालं."

"कधीपासून, अण्णा?" आत्या म्हणाली.

"तू नर्स होऊ नको. तू मुलगी हो." मग हाताकडे बघत, "मागच्या आठवड्यात मॅनेजर आला होता. बँकेतला, रिटायर झालेला, माझ्याच वयाचा. त्याच्या गळ्याशी वस्तरा होता आणि हात हलला. रक्त आलं. तो ओरडला नाही. रुमाल लावला आणि म्हणाला, आज धार नवी दिसते. माझी लाज राखली त्याने. पण रोज कोण राखणार? इथे कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या दाढ्या बघू? चहा सांगू सगळ्यांना? त्यापेक्षा टेकडीवर बरं. तिथे माणसाच्या हाताचं काम काय, नुसते मांडीवर ठेवायचे असतात."

"माझ्याकडे चला," काका म्हणाला. तो खाली आल्यापासून लहान दिसत होता. "गल्ल्यावर बसा."

"थोरल्याने म्हटलं ना, जाऊ दे. जाऊ दे मग." आजोबांनी बाबांकडे बघितलं. "केस काढूनच जाईन. तिथे तसंच लागतं, आणि दुसऱ्याच्या दुकानात मी डोकं देणार नाही. घे वस्तरा."

बाबा उठले नाहीत. आत्ताच जाऊ दे म्हणाले होते, पण माणूस बोलतो ते वेगळं. "माझ्याने नाही होणार," ते म्हणाले.

"धाकट्या, तू."

"मला येत नाही," काका म्हणाला. पार्लरच्या बाहेर त्याचा वस्तरा धरलेला फोटो आहे, माणसाएवढा.

आजोबांनी पुढे हात केला, फळीवरचा वस्तरा घेतला, तो त्यांचा, हाडाच्या मुठीचा. आरशातून माझ्याकडे बघितलं. पाणीदार डोळे, मिस्कील. "तडतडे, तुला हवा होता ना? ये."

आता बघा माझी गंमत. ज्याच्यासाठी मी बुद्धापर्यंत गेले, ती वस्तू समोर होती. घेतली तर आजोबा जाणार. नाही घेतली तर कधी मिळेल सांगता येत नव्हतं. भंते म्हणतात, हवं असणं हेच दुःखाचं मूळ. एवढ्या व्हिडिओंत हे मला एकदाही समजलं नव्हतं, आणि आता ते माझ्यासमोर मूठ पुढे करून उभं होतं.

मी घेतला.

"ही घेणारच," काका म्हणाला.

एप्रन मी खिळ्यावरून काढला आणि आजोबांना बांधला. त्यांना गिऱ्हाईकासारखा बांधलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मशीनने केस बारीक केले, उजव्या बाजूचे आधी. पांढरे झुबके खांद्यावरून घरंगळले. आई ते बघत नव्हती. मग फेस लावला. मग वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला.

"असा नाही. पात्याजवळ धर, मुठीशी नको," आजोबा म्हणाले. "कातडी ताण डाव्या हाताने. अजून. मला दुखत नाही. कोन कमी कर, तू काय बटाटा सोलतेस? आता थांब. श्वास घे. सोडताना चालव. हात श्वासावर चालला पाहिजे, मनावर नाही. मन काय, ते उद्या गणिताच्या बाईंकडे जाईल."

त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक.

पहिला पट्टा निघाला. खर्र असा आवाज आला, आणि खालून गुलाबी, गुळगुळीत कातडी. कधी न बघितलेली. लहान मुलासारखी.

"बरं," आजोबा म्हणाले. "पुढे. कपाळाकडून मागे. बोटाने आधी वाट चाचप, मग वस्तरा. डोळ्याला उंचवटा दिसत नाही, बोटाला दिसतो." त्यांचा हात खुर्चीवर टिकटिकत होता, पण आवाजाला थरथर नव्हती. बाबा जवळ येऊन उभे राहिले होते. काकाही. दोघं मोठे न्हावी आणि दोघं कान देऊन ऐकत होते, कारण हे त्यांना कधी असं सांगितलंच नव्हतं. त्यांना नुसतं बघून शिकायला लागलं होतं.

उजवी बाजू होत आली. काका म्हणाला, "वा. अण्णांना घराबाहेर काढायला शेवटी हीच कामाला आली."

माझा हात थांबला. राग असा आला, नखापासून केसापर्यंत. आणि हातात या वेळी फणी नव्हती. आजोबा हलले नाहीत. आरशात नुसते माझ्याकडे बघत राहिले, गळा उघडा टाकून.

मी वस्तरा डोक्यापासून लांब केला. श्वास घेतला. नदीकाठच्या भंतेंच्या वेगाने, तो पक्षी येऊन पाणी पिऊन जाईल इतका. सोडला. काकाचं भलं होवो म्हणाले, मनातल्या मनात, आणि जवळजवळ खरं म्हणाले. आणि मग मला आरशात दिसलं काय केलंय ते. उजवीकडे गुळगुळीत टक्कल. डावीकडे आजोबांचे दाट पांढरे केस, दिमाखात.

मी वस्तरा पुसला, मिटला आणि फळीवर ठेवला.

"का? काय झालं?" आजोबा म्हणाले.

"झालं."

"झालं कुठे? निम्मं राहिलंय."

"आजचं झालं. मला एवढंच येतं. डावी बाजू शिकवली नाहीत अजून."

आजोबांनी आरशात बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "अगं पण असा मी जाऊ कसा?"

"तेच म्हणते मी," मी म्हणाले.

मला वाटलं ते रागावणार. त्यांनी मान वळवून बाबांकडे बघितलं. "थोरल्या, पुरं कर हे."

बाबांनी शटरकडे बघितलं. "आज सुट्टी आहे," ते म्हणाले.

"धाकट्या."

"हत्यारं माझ्या पार्लरला आहेत," काका म्हणाला. समोरच्या फळीवर वस्तऱ्यांची रांग होती, मोठी, मधली, लहान. काका तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. "आणि तुम्ही दुसऱ्याच्या दुकानात डोकं देत नाही."

"पोरी, तू तरी."

"मला इंजेक्शन येतं," आत्या म्हणाली. "देऊ?"

आई पुढे आली, धुतलेला पांढरा टॉवेल आजोबांच्या मानेवर ठेवला आणि फेस टिपला. टॉवेल उलटून बघितला. एक ठिपका नव्हता. तो तिने आजोबांना दाखवला आणि मग माझ्याकडे फेकला.

आजोबा त्या खुर्चीत बसून राहिले. न्हाव्याच्या घरात, तीन न्हाव्यांच्या मध्ये, अर्धं डोकं घेऊन. उजवा हात केसांकडे गेला, थरथरत, आणि फळीवरच्या वस्तऱ्याकडे न जाता खाली आला. ते हसायला लागले. आधी मिशीत, मग पोटात, मग एप्रन हलायला लागला.

"हे पंचशीलात बसतं का गं?" ते म्हणाले.

मी मोजलं. मारलं नाही, चोरलं नाही, बाकीच्यांचा तर प्रश्नच नाही. "खोटं पण नाही बोलले. खरंच येत नाही मला डावी बाजू."

"डावी अवघडच असते," आजोबा म्हणाले. "कानामागे वळण आहे. तिथे भलेभले चुकतात." मग त्यांनी पायाने जमिनीला रेटा दिला, खुर्ची फिरवली आणि आरसा पाठीशी टाकून माझ्यासमोर आले. असं समोरून मी त्यांना क्वचितच बघितलं होतं. त्यांच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस वाकडा होता. "किती दिवस लावणार आहेस?"

"सावकाश होईल," मी म्हणाले. "घाई करायची नाही म्हणतात भंते."

"कोणते भंते?"

"ते. आजारी."